गाजरगवताची कैफियत

अंबरनाथच्या पूर्वेस पालेगाव नावाचे गाव आहे. आता त्याला गाव म्हणावे की नगर, असा प्रश्न पाहुण्याला पडतो. जेथे पूर्वी भाताची खाचरे होती, तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. दोन इमारतींच्या मध्ये, रस्त्याच्या कडेने आणि अद्याप न बांधलेल्या भूखंडांवर थोडी मोकळी जमीन उरली आहे. पावसाचा जोर ओसरला की त्या जमिनीवर बारीक पांढऱ्या फुलांची एक चादर पसरते. दुरून पाहणाऱ्याला ती मोठी मनोहर वाटते.

माझ्या पुतणीने तेथे घर घेतले, तेव्हा घराला आशीर्वाद देण्याच्या विधीसाठी मी पालेगावी गेलो होतो. फादर यायचे होते. तेवढ्यात घरातली सात वर्षांची मुलगी खाली उतरली आणि ओंजळभर पांढरी फुले घेऊन आली. पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे ठेवण्यासाठी तिने ती आणली होती. शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ शुभेच्छा देण्यास आले होते. ते चटकन म्हणाले, “बाळ, ती टाकून दे आणि हात धुऊन ये. ते काँग्रेस गवत आहे, अंगाला खाज सुटेल.” मुलगी हिरमुसली. मग माझ्याकडे वळून, कसलाही आकस मनात नसताना, ते सहज बोलून गेले, “अमेरिकेच्या गव्हातून आली ही पीडा. तुमच्या मिशनवाल्यांनीच ना तो गहू वाटला?”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. १९६६ साली मी दहा वर्षांचा होतो. आमच्या धर्मग्रामात तेव्हा गहू, दुधाची भुकटी आणि तेलाचे डबे वाटले जात. रांगेत उभे राहून मी ते घरी आणलेले आहेत. शाळेत एका मुलाने मला हेच ऐकवले होते, की तुम्ही पोळ्या खाल्ल्या आणि आमच्या शेतांत तण आले. तेव्हा मला उत्तर सुचले नव्हते. पालेगावात त्या गृहस्थांनाही मी हसून टाळले. परंतु परतीच्या गाडीत बसल्यावर वाटले, की साठ वर्षे मनात राहिलेल्या या आरोपाची एकदा नीट तपासणी केली पाहिजे. आरोप खरा असेल तर मान्य करावा. खोटा असेल तर तसे सांगावे. अर्धा खरा असेल, तर त्यातला अर्धा कोणता तेही पाहावे.

प्रथम आरोपीची ओळख करून घेऊ. शास्त्रज्ञ या वनस्पतीला ‘पार्थेनियम हिस्टेरोफोरस’ म्हणतात. स्वीडनचा विख्यात निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५३ साली तिची शास्त्रीय नोंद केली. ‘पार्थेनॉस’ म्हणजे ग्रीक भाषेत कुमारी. प्राचीन ग्रीक लोक एका निराळ्याच औषधी वनस्पतीला यावरून साधलेल्या नावाने ओळखत. ते जुने नाव लिनियसने या कुळाला दिले. म्हणजे ज्या फुलांना कुमारी मातेच्या मूर्तीपुढे स्थान मिळाले नाही, त्यांच्या नावात कुमारी हा शब्द आहेच! आपल्याकडे पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली म्हणून तिला गाजरगवत म्हणतात. चांदण्यांसारख्या फुलांमुळे चटक चांदणी असेही नाव आहे. आणि पांढरे शेंडे पाहून कोणाला गांधी टोपी आठवली म्हणून, किंवा काँग्रेसच्या राजवटीत आली म्हणून, काँग्रेस गवत हे नाव पडले, असे सांगतात. नावातच आरोपाची सुरुवात झालेली दिसते.

वास्तविक ते गवत नव्हेच. ते सूर्यफुलाच्या घराण्यातले आहे. झेंडू, शेवंती आणि करडई हे त्याचे भाऊबंद. या घराण्याची खूण अशी, की ज्याला आपण एक फूल म्हणतो तो वास्तविक पुष्कळ लहान फुलांचा गुच्छ असतो. गाजरगवताच्या अशा एका इवल्या गुच्छात कडेची पाच फुले तेवढी बी धरतात. पाच बिया म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. पण एका जोमदार झाडावर असे गुच्छ हजारोंनी असतात आणि बियांची संख्या पंधरा ते पंचवीस हजारांपर्यंत जाते. बी इतके हलके, की वाऱ्याने, पाण्याने, गाडीच्या चाकाला लागलेल्या चिखलाने ते कोठेही पोचते. झाड वर्षायू, म्हणजे काही महिन्यांतच जगून मरणारे. परंतु रुजल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलते आणि ओल असेल तर वर्षात त्याच्या दोन-तीन पिढ्या होतात. त्याच्या अंगी ‘पार्थेनिन’ नावाचे एक कडू द्रव्य असते. ते शेजारच्या इतर झाडांना वाढू देत नाही. गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. लावले तर दूध कडवट होते.

त्याची मायभूमी मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा प्रदेश आणि दक्षिण अमेरिका. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दसऱ्याच्या तोरणात आणि आपल्या वेदीवरही मानाने विराजणारा झेंडू हाही मेक्सिकोचाच. एकाच देशातून, एकाच घराण्यातून दोघे आपल्याकडे आले. एकाला आपण अंगणात लावले आणि त्याचा मूळ देश विसरलो. दुसऱ्याचा मूळ देश मात्र आपण कधीच विसरलो नाही. ज्याच्यापासून त्रास होतो त्याचीच जात आणि गाव विचारण्याचा मनुष्यस्वभाव जुना आहे.

आता आरोपपत्राकडे येऊ. सर्वत्र सांगितली जाणारी कथा अशी : अमेरिकेने ‘पी. एल. ४८०’ या कायद्याखाली भारताला गहू दिला. त्या गव्हात या तणाचे बी मिसळलेले होते. ते पुण्यात प्रथम उगवले आणि तेथून देशभर पसरले. ही कथा वर्तमानपत्रांतून आली, भाषणांतून आली, शाळेच्या फळ्यावरही आली. तिचे आकर्षण उघड आहे. एक श्रीमंत देश, एक भुकेला देश आणि दानाच्या पोत्यात लपलेले विष. गोष्ट म्हणून ती इतकी पूर्ण आहे, की तिच्या तारखा कोणी पडताळून पाहत नाही. आपण त्याच पडताळून पाहू.

सर्वांत जुना कागद कोलकात्याचा आहे. तेथील कंपनी सरकारच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी उद्यानातील झाडांची एक यादी केली होती. ती १८१४ साली श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या नावाने छापली गेली. छापवून घेणारे होते विल्यम केरी. ज्यांनी १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि पुढे मराठीचा कोशही, तेच हे केरी. त्या यादीत पार्थेनियम हिस्टेरोफोरसचे नाव आहे. म्हणजे अमेरिकेचा गहू येण्याच्या सुमारे एकशे चाळीस वर्षे आधी ही वनस्पती भारताच्या भूमीवर पोचली होती, निदान एका बागेत तरी होती.

दुसरा पुरावा देहरादूनचा. तेथील वनसंशोधन संस्थेच्या संग्रहात वाळवून ठेवलेला या वनस्पतीचा एक नमुना आहे. तो डिट्रिख ब्रँडिस यांनी १८८० साली गोळा केलेला. ब्रँडिस हे भारताचे पहिले वनमहानिरीक्षक. हा नमुना कितीतरी वर्षे कपाटात पडून होता. १९७८ साली काही संशोधकांनी या तणाचा इतिहास लिहिताना त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. तोवर कथा रूढ झाली होती आणि रूढ झालेली कथा एका वाळलेल्या फांदीने मोडत नाही.

याचा अर्थ, गाजरगवत एकोणिसाव्या शतकापासून आपल्या शेतांत माजले होते, असा मात्र नाही. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा थिओडोर कुक यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात या तणाचा पत्ता नाही. पालेगावहून रेल्वेने घाट चढला की खंडाळा लागते. त्या खंडाळ्याच्या वनस्पतींवर येशूसंघीय फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा ग्रंथ १९५३ साली आला. फादर मूळचे स्पेनचे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील वनस्पतिसंग्रहाची धुरा त्यांनी सांभाळली होती. खंडाळ्याच्या डोंगरांत अनेक वर्षे पायपीट करून त्यांनी एकेक झाड नोंदले. त्यांच्या त्या ग्रंथातही हे झाड नाही. आज मात्र लोणावळा-खंडाळ्याच्या रस्त्याकडेला ते शोधावे लागत नाही. तेव्हा सह्याद्रीच्या या भागात ते १९५० नंतर वाढले, एवढी गोष्ट आपण निःशंकपणे मान्य करू शकतो.

पुण्यात ते कधी दिसले? १९५१ साली प्रा. परांजपे यांना पुण्यात उकिरड्यावर त्याची तुरळक झाडे आढळल्याचे या विषयावरील लेखनात नमूद आहे. पुढे १९५५ मध्ये आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांना ते पुण्यात दिसले आणि त्यांनी १९५६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘भारतासाठी नवी नोंद’ म्हणून ते जाहीर केले. त्या नियतकालिकाच्या संपादकांत तेव्हा डॉ. सालिम अली यांच्याबरोबर फादर सांतापाव हेही होते. रॉक्सबर्गची यादी आणि ब्रँडिसचा नमुना विस्मरणात गेला असल्यामुळे रावांनी त्याला नवे म्हटले. त्यात त्यांचा दोष नव्हता.

आता गव्हाच्या तारखा पाहा. अमेरिकेत ‘पी. एल. ४८०’ हा कायदा १० जुलै १९५४ रोजी संमत झाला. या कायद्याखाली भारत सरकारचा पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ रोजी झाला. गव्हाची जहाजे त्यानंतरची. परांजप्यांना झाड दिसले १९५१ साली आणि रावांना १९५५ साली. जे झाड पुण्याच्या उकिरड्यावर आधीच उभे होते, त्याचे बी नंतर निघालेल्या जहाजातून आले, हे कसे शक्य आहे? सरकारी करारातल्या त्या प्रसिद्ध गव्हाने गाजरगवत पहिल्यांदा पुण्यात आणले, हा आरोप तारखांपुढे टिकत नाही.

पण प्रामाणिक वकिलाने आपल्या पक्षाला अडचणीचा पुरावाही दडवू नये. ‘पी. एल. ४८०’ हा अमेरिकन धान्याचा पहिला अध्याय नव्हता. १९५१ साली भारतात धान्याची तीव्र टंचाई होती. तेव्हा अमेरिकेने १९ कोटी डॉलरचे कर्ज देऊन सुमारे २० लाख टन धान्य पाठविण्याचा कायदा केला. त्याही आधी, युद्धकाळापासून, परदेशी धान्य आपल्या बंदरांत उतरतच होते. त्यातून बी आले असणे अशक्य नाही. तसेच पुढे १९५६ ते १९७१ या काळात कोट्यवधी टन गहू आला. १९६६ या दुष्काळी वर्षी तर देशात सुमारे एक कोटी टन धान्य आयात झाले. त्या पोत्यांबरोबर आणखी बी येऊन आधीच्या बियाला भर पडली असेल, हेही नाकारता येत नाही. सांगता येते ते इतकेच, की धान्य हा एक संभाव्य वाहक होता. तो एकमेव होता, किंवा पहिला होता, असे पुराव्याने म्हणता येत नाही.

येथे मला पालेगावच आठवते. मुंबई बंदरात उतरलेले धान्य पुण्याकडे जाण्याची लोखंडी वाट कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, कर्जत अशी. कल्याणपासून घाटाच्या पायथ्यापर्यंतची ही वाट १८५६ साली सुरू झाली आणि १८६३ साली बोरघाट ओलांडून रेल्वे वर गेली. म्हणजे बी गव्हातूनच आले असेल, तर गव्हाच्या वाघिणी पालेगावच्या उशाशी खडखडत गेल्या असणार. मग तण आधी येथे का दिसले नाही? एक कारण हवामानाचे. कोकणातल्या मुसळधार पावसापेक्षा घाटावरची कोरडी हवा त्याला अधिक मानवते. परंतु दुसरे कारण मला अधिक बोलके वाटते. पुण्यात पाहणारे डोळे होते. तेथे कृषी महाविद्यालय होते, १९४६ साली स्थापन झालेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी होती आणि १९५५ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचे पश्चिम मंडळही तेथेच सुरू झाले. अंबरनाथच्या भातखाचराच्या बांधावर एखादे परके झाड उगवले असते, तर ते कोण लिहून ठेवणार होते? शेतकऱ्याने ते उपटून फेकले असते आणि इतिहासाला पत्ताही लागला नसता. ‘पुण्यात प्रथम आले’ आणि ‘पुण्यात प्रथम पाहिले गेले’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. आपला पुष्कळसा इतिहास असा, जेथे लिहिणारे होते तेथला आहे.

जगात अन्यत्र काय घडले तेही पाहू. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात गाजरगवताची नोंद झाली तीही १९५५ सालीच. तेथे कोणी दानाचा गहू नेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात आलेल्या विमानांच्या आणि यंत्रांच्या भागांबरोबर ते आले, असे तेथील अभ्यासक मानतात. पुढे तेथील दुसऱ्या भागात ते टेक्सासहून आणलेल्या कुरणाच्या बियाण्यातून शिरले. इथिओपियात १९८० नंतरच्या दशकात त्याचा बोभाटा झाला. तेथेही दोन तर्क आहेत. एक मदतीच्या धान्याचा आणि दुसरा लष्करी वाहनांचा. विसाव्या शतकात माणसाने धान्य, बियाणे, यंत्रे आणि फौजा समुद्रापार इतक्या वेगाने हलविल्या, की त्यांच्याबरोबर ही बारीक बी सर्वत्र गेली. त्यात कोणाचा कट नव्हता. निष्काळजीपणा मात्र सर्वांचा होता.

आता आपल्या धर्मग्रामांवरील आरोपाकडे येतो. कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस ही अमेरिकन कॅथलिकांची संस्था १९४६ पासून भारतात काम करीत आहे. ‘पी. एल. ४८०’ कायद्यात स्वयंसेवी संस्थांमार्फत दान म्हणून धान्य देण्याचीही तरतूद होती आणि त्यातील वाटा चर्चच्या आवारांतून, शाळांतून, दवाखान्यांतून गरिबांपर्यंत पोचला. सरकारने विकत घेतलेल्या प्रचंड साठ्यापुढे हा वाटा लहान होता. तो गहू दळून पोळी केली जाई. तो पेरण्यासाठी नव्हता. पाखडताना निघालेला कचरा उकिरड्यावर पडला असेल आणि त्यात एखादे बी असेलही. परंतु तसे ते रेशनच्या दुकानातून आणलेल्या प्रत्येक पिशवीबाबतही खरे होते. त्या वर्षांत देशातल्या शहरांनी, सर्व धर्मांच्या लोकांनी, तोच गहू खाल्ला. रांगेत उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलावर त्याचा वेगळा बोजा टाकण्याचे कारण नव्हते.

तरीही त्या आरोपामागची वेदना खोटी नव्हती, हे मला सांगितले पाहिजे. नुकसान खरे होते. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील डॉ. वा. द. वर्तक यांनी १९६८ साली लिहिलेल्या लेखात महाराष्ट्रातील पिकांना आणि कुरणांना या तणापासून असलेला धोका दाखवून दिला होता. त्याच वर्षी डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी या वनस्पतीमुळे होणाऱ्या त्वचारोगाची माहिती वैद्यकीय नियतकालिकात दिली. हात, मान, चेहरा आणि पापण्या सुजतात, कातडी जाड आणि काळी पडते, असह्य कंड सुटते. काहींना केवळ वाऱ्याबरोबर आलेल्या कणांनीही हा विकार होतो, तर काहींना शिंका आणि दमा. भोगावे लागले ते मुख्यतः उघड्या हातांनी खुरपणी करणाऱ्या शेतकऱ्यांना आणि मजुरांना. औषधापेक्षा त्या झाडापासून दूर राहणे हाच खरा उपाय. पण ज्याची भाकरीच शेतात आहे, त्याने दूर कोठे जावे? अशा माणसाने कोणाला तरी दोष दिला, तर त्याला मी लबाड म्हणणार नाही. त्याला पुरावे कोणी दाखविले नव्हते, एवढेच.

या तणाला आवरण्याचे प्रयत्न झाले, त्यांचीही हकीकत बोधप्रद आहे. कर्नाटकाने १९७५ साली त्याला कायद्याने उपद्रवी तण ठरविले. परंतु कायद्याचा कागद बियांना वाचता येत नाही. मग शास्त्रज्ञांनी विचार केला, की मेक्सिकोत हे झाड इतके का माजत नाही? कारण तेथे त्याला खाणारे कीटक आहेत. म्हणून १९८३ साली मेक्सिकोहून ‘झायगोग्रामा’ नावाचा एक पट्टेदार भुंगा बंगळूरला आणण्यात आला आणि तपासण्या करून १९८४ साली मोकळा सोडण्यात आला. काही वर्षांत त्याने मैलोगणती गाजरगवताची चाळण केली. मग तो काही ठिकाणी सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि एकच गलबला झाला. आणखी एक परकी पीडा आणली, असा ओरडा उठला. शोधाअंती आढळले, की सूर्यफुलाच्या पानांवर उडून पडलेल्या गाजरगवताच्या परागांमुळे भुंगे तेथे तोंड लावीत होते. सूर्यफुलावर त्यांची वंशवृद्धी होत नव्हती. तेथेही आरोप आधी आणि तपास नंतर असाच क्रम होता. आज हा भुंगा महाराष्ट्रातही पावसाळ्यात आपले काम करताना दिसतो. कोरड्या दिवसांत मात्र तो मातीत दडून बसतो.

दुसरा उपाय आपल्या आयाबहिणींच्या ओळखीचा आहे. पहिल्या पावसात कोकणात जी टाकळ्याची भाजी करतात, तो टाकळा दाट वाढला की गाजरगवताला जागा देत नाही. म्हणून ओसाड जागी टाकळ्याचे बी टाकावे, असे कृषिशास्त्रज्ञ सांगतात. जबलपूरच्या तणसंशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने ऑगस्टच्या १६ ते २२ या तारखांना देशभर गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. धर्मग्रामातील युवकांनी त्या आठवड्यात चर्चचे, शाळेचे आणि दफनभूमीचे आवार साफ केले तर ते उत्तम काम होईल. हातमोजे घालावेत, नाकातोंडावर रुमाल बांधावा, ओल्या मातीतून मुळासकट उपटावे आणि हे सारे फुले येण्यापूर्वी करावे. फुलापूर्वी उपटलेल्या रोपांचे खतही चांगले होते. फुले आल्यावर उपटून इकडेतिकडे फेकले, तर आपणच पेरणी केल्यासारखे होते.

पालेगावात ते आज एवढे का दिसते, याचे उत्तर कोणत्याही गव्हात नाही. ज्या जमिनीला नांगर, पीक आणि मालक असतो तेथे ते शिरले तरी माजत नाही. जेथे जमीन उकरून ठेवली, भराव टाकला, रस्त्यासाठी माती उलथली आणि पुढे कोणी लक्ष दिले नाही, तेथे त्याचे राज्य असते. मुरूम आणि माती वाहणाऱ्या गाड्यांबरोबर बी येते आणि उघडी पडलेली जमीन त्याला मांडीवर घेते. भाताची खाचरे गेली, घरे अजून उभी राहायची आहेत, आणि मधल्या काळात ती जमीन कोणाचीच नाही. त्या ‘कोणाचीच नाही’ या अवस्थेवर हे झाड जगते. बी कोणी आणले हा वाद शंभर वर्षे चालेल. त्याला जागा कोणी दिली, हे मात्र आपल्या खिडकीतून दिसते.

प्रभू येशूने सांगितलेला गहू आणि निदण यांचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. शेतात निदण दिसताच चाकर ते उपटायला निघतात आणि धनी त्यांना थांबवतो, कारण घाईत गहूही उपटला जाईल. शेतकऱ्याच्या पोरांना लहानपणी या दाखल्याचे नवल वाटते, कारण घरी तण ठेवले तर बाप रागावतो. पण तो दाखला झाडांविषयी नाही, माणसांविषयी आहे, हे वय वाढल्यावर कळते. गाजरगवताच्या बाबतीत आपण नेमके उलटे करीत आलो. तण उपटण्यात दिरंगाई केली आणि माणसांना दोष देण्यात घाई केली. त्या घाईत गहूही उपटला गेला. ज्या गव्हाने दुष्काळात लाखो घरांतली चूल पेटती ठेवली, त्याची आठवण कृतज्ञतेऐवजी संशयाने होऊ लागली.

गेल्या महिन्यात मी पुन्हा पालेगावला गेलो, तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांना मी या सर्व तारखा सांगितल्या. १८१४, १८८०, १९५१, १९५६. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. थोड्या वेळाने म्हणाले, “१९६६ साली आम्हीही तोच गहू खाल्ला हो. आई तो निवडताना म्हणायची, लाल आहे पण पोटभर आहे.” मग आम्ही दोघे खाली उतरलो. नुकताच पाऊस पडून गेला होता आणि कुंपणालगत कोवळी रोपे जमिनीला चिकटून पसरली होती. अजून त्यांना फुले नव्हती. त्यांनी घरून जुन्या पिशव्या आणल्या, आम्ही त्या हातांवर चढवल्या आणि वाकून कामाला लागलो. पुतणीची मुलगी वरून पाहत होती. मूर्तीपुढे ठेवण्यासाठी तिच्या आईने या वेळी झेंडू आणला होता.